आयुधपूजेपर्यंतचे बिघाड

१८ जून २०२५, बुधवार

सेनेत प्रत्येक गाडीची एक नोंदवही असते. तेल केव्हा बदलले, कोणता आवाज प्रथम केव्हा ऐकू आला, कोणता भाग कोणी उघडला व कोणी मिटला, हे सारे तिच्यात असते. चोवीस वर्षे मी अशा वह्या लिहिल्या आणि सिकंदराबादच्या प्रशिक्षण केंद्रात उस्ताद झाल्यावर शेकडो जवानांना त्या लिहायला शिकविल्या. स्वतःची वही मात्र कधी ठेवली नाही, कारण मी स्वतः कधी बिघडलो नव्हतो. गेल्या एप्रिलमध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, बिघडलो.

हृदयाच्या दोन वाहिन्या अरुंद झाल्या होत्या. त्यांत डॉक्टरांनी बारीक जाळीच्या नळ्या बसविल्या. ही कल्पना मला फार आवडली. झिजलेल्या सिलिंडरात आपण नवी स्लीव्ह बसवितो, तत्त्व तेच. फरक इतकाच की येथे इंजिन चालू ठेवूनच काम करावे लागते. मी हे डॉक्टरांना सविस्तर समजावून सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले. माझी पत्नी कनकलता हिच्या मते ते सारखे घड्याळाकडे पाहत होते, परंतु शस्त्रक्रिया करणाऱ्याला वेळेचे भान असायलाच हवे.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतील माझे ऑइल इंजिन दुरुस्तीचे दुकान बंद झाले. शेड मालकाला परत दिली आणि हत्यारांची लोखंडी पेटी घरी आणून झोपाळ्याजवळ ठेवली. यापुढे जड काम नाही, मोपेडवरून खेड्यापाड्यांत फिरणे नाही. मे महिनाभर मी भिंतीकडे तोंड करून पडून असे. नोंदवही प्रामाणिक असावी, म्हणून हेही लिहितो.

ही वही ज्या मराठीत लिहितो आहे ती आमच्या घरची बोली नव्हे. घरी आम्ही तंजावूरची मराठी बोलतो, तिच्यात निम्मी तमिळ. ही पुस्तकी भाषा व देवनागरी लिपी मला पलटणीत साताऱ्याकडच्या एका नायब सुभेदाराने शिकविली. कनकलता तमिळ वाचते. आमची लेक सुप्रभा तमिळ आणि इंग्रजी. नात नित्या बहुतेक इंग्रजीच. सबब, या वहीला कुलपाची आवश्यकता नाही.

२३ जून, सोमवार

आज वरण उतरवताना कुकरची मूठ हलू लागली. कनकलतेने कुकर तसाच माझ्यापुढे आणून ठेवला. मूठ धरून ठेवणारा स्क्रू दोन फेरे बाहेर आला होता.

कारण साधे आहे. तापल्यावर धातू प्रसरण पावतो. मूठ बेकलाइटची, ती तितकी पावत नाही. रोज तापणे, रोज निवणे, दोहोंचे रोजचे भांडण. मधल्या मध्ये स्क्रू बिचारा सैल होतो. मी हे कनकलतेला समजावून सांगितले. ती हनुवटी तळहातावर टेकवून ऐकत बसली आणि शेवटी तिने विचारले, "मग इतकी वरसें कां नाही झालें हो?" प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर देता देता वरण गार झाले.

तिची ही जिज्ञासा पहिल्यापासूनची आहे. १९६९ मध्ये लग्नानंतर तिला घेऊन सिकंदराबादला निघालो, तेव्हा आमच्या गाडीला वाफेचे इंजिन होते. बाष्पक, दट्ट्या, झडप असे करीत मी विजयवाड्यापर्यंत पोहोचलो. ती एकदाही झोपली नाही. वीस वर्षांच्या नववधूला वाफेत इतका रस असणे हे विरळाच, असे मला तेव्हाच वाटले होते.

स्क्रू घट्ट केला. एप्रिलनंतर हातात घेतलेले हे पहिले हत्यार.

१ जुलै, मंगळवार

टेबलफॅनची जाळी खडखडत होती. मागचा पकडस्क्रू सैल. पंख्याचा तोल थोडा जरी बिघडला तरी कंपने उत्पन्न होतात. कंपनांनी स्क्रू सैल होतो. सैल स्क्रूमुळे कंपने वाढतात. हे दुष्टचक्र मी कागदावर आकृती काढून दाखविले. कनकलतेने आकृती फ्रिजवर चुंबकाने लावली.

पाती पुसली, तोल साधला, तेल दिले. त्या नादात दुपारची झोप राहून गेली आणि संध्याकाळी भूक लागली. रक्तदाब उत्तम. नव्या गोळ्या चांगल्या दिसतात.

१२ जुलै, शनिवार

शेजारचे गुरुराज आपली सायकल ढकलत घेऊन आले. हे कोषागारातून निवृत्त झालेले गृहस्थ. गुडघा दुखू लागल्यापासून सायकलवर बसलेले नाहीत. म्हणाले, ब्रेक अडकतो. जी सायकल चालविली जात नाही तिचा ब्रेक अडकतो हे कसे कळले, असे मी विचारले. त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिले, घसा खाकरला आणि पुसताना लक्षात आले म्हणून सांगितले.

सायकल पुसणारा माणूस आदरास पात्र आहे. मी तिची चाके काढली, बेअरिंगच्या गोळ्या धुतल्या, ग्रीस भरले. गुरुराज तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून फिल्टरची कापी पीत राहिले. ब्रेकची तार नुसती अडकवणीतून निसटली होती, पण उघडलेच आहे तर पुरते करावे. जाताना ते सायकल ढकलतच घेऊन गेले.

३ ऑगस्ट, रविवार

आडिपेरुक्कू, नदीला आलेल्या नव्या पाण्याचा सण. मेट्टूर धरणाचे पाणी कालव्यांतून आले आहे. आम्ही बसने नदीवर गेलो, पायऱ्यांवर बसून चित्रान्न आणि दहीभात खाल्ला. शेतांत रोपे लावायला बायका उतरल्या होत्या.

या दिवसांत एके काळी मला जेवायला फुरसत नसे. ८७ साली सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आलो तेव्हा या त्रिभुज प्रदेशात गावोगावी पाणी उपसणारी एकसिलिंडरी डिझेल इंजिने होती. रोपांची वेळ आली की ती हमखास रुसत. मोपेडच्या मागे पेटी बांधून मी बांधांवरून जाई. कोणत्या गावाचे इंजिन कोणते हे मला दूरवरून आवाजावरून कळे. सुप्रभा लहान असताना कितीदा पुढे उभी राहून माझ्याबरोबर आलेली आहे. इंजिन सुरू झाले की पाण्याचा पहिला लोंढा तिच्या पायांवर सोडायचा, असा आमचा करार होता.

कनकलतेने आज पुन्हा विचारले की डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मग ते पेटते कसे. हे मी तिला बहुधा दरवर्षी सांगतो. पुन्हा सांगितले. परतीच्या बसमध्ये पुढच्या आसनावरचे गृहस्थही वळून ऐकू लागले. फार चांगला दिवस.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद मला आवडत नाही, पण केली पाहिजे.

कुकरची मूठ पुन्हा सैल झाली. पंख्याची जाळीही. मंगळवारी मिक्सर ओट्यावर खडखडत नाचू लागला. उलटा करून पाहिला तर तळाचे स्क्रू सुटत आलेले. काल भिंतीवरचे घड्याळ थांबले. उघडले तर आतील सेल उलटा बसविलेला. तो सेल गेल्या महिन्यात मीच बदलला होता. उलट्या सेलवर घड्याळ महिनाभर चालू शकत नाही, हे मला कळते. म्हणजे मध्यंतरी मी तो पुन्हा काढला, उलटा घातला आणि विसरलो. दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

प्रशिक्षण केंद्रात मी पहिल्या दिवशी एक नियम फळ्यावर लिहीत असे : एकदा सैल झालेला नट हा यंत्राचा दोष, दुसऱ्यांदा सैल झालेला नट हा कारागिराचा दोष. ७१ च्या युद्धात आमची तुकडी फसलेल्या गाड्या ओढून आणून, मिळेल त्या अंधाऱ्या झाडाखाली दुरुस्त करून परत पाठवीत असे. त्या गाड्यांत माणसे बसणार होती. माझ्या हातचा नट परत सुटला, अशी तक्रार एकदाही आली नाही.

दुपारी सगळे निजले असताना पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात धरून पाहिला. पाणी थोडे हलले. एक्क्याऐंशी वर्षांच्या हातात ते हलणारच; परंतु किती हलले म्हणजे पुष्कळ, हे मोजण्याचे साधन माझ्यापाशी नाही.

कनकलतेला काही सांगितलेले नाही. रात्री जेवताना तिने घड्याळाबद्दल विचारले. मी म्हणालो, सेल जुना होता. तिने एकाएकी मला आणखी भात वाढला.

२ सप्टेंबर, मंगळवार

पंधरा दिवस विचार केला. हाताचे बळ कमी झाले असेल, तर ती उणीव पद्धतीने भरून काढता येते. दक्षिण राजवीथीवरच्या दुकानातून सगळ्या मापांचे स्प्रिंग वॉशर आणले आणि स्क्रू जखडणाऱ्या द्रवाची एक लहान बाटली.

स्प्रिंग वॉशर ही मानवी बुद्धीची एक सुंदर निर्मिती आहे. पोलादाची एक चिरलेली चकती. दाबली की आपल्या परीने उसळू पाहते आणि त्या उसळण्यानेच स्क्रूला धरून ठेवते. द्रव तर याहून नामी. आट्यांवर एक थेंब सोडावा. हवा मिळेनाशी झाली की तो आतल्या आत घट्ट होऊन बसतो. दोन दिवसांत घरातील कुकर, पंखा, मिक्सर, ग्राइंडर, कड्या, बिजागऱ्या, झोपाळ्याच्या हुकाचे नट, सारे मी उघडून या पद्धतीने मिटले.

कनकलता दारात उभी राहून पाहत होती. नेहमीप्रमाणे ती हनुवटी टेकवून बसली नाही. मिक्सर झाल्यावर तिने विचारले, "हे परत उघडायचे झालें तर?"

मी अभिमानाने सांगितले की चांगला धडधाकट गडी असेल आणि त्याने अंगातले सारे बळ लावले, तर कदाचित.

"बरें केलांत," ती म्हणाली आणि आत गेली.

१४ सप्टेंबर, रविवार

घरात काहीही बिघडलेले नाही. कुकर गप्प, पंखा गप्प, मिक्सर जागच्या जागी. उपाय शंभर टक्के यशस्वी.

यावरून निष्कर्षही निघतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. हाच मिक्सर अकरा वर्षे साध्या स्क्रूंवर चालला. तेव्हाही मीच ते घट्ट केले होते, तेव्हाही तो इतकाच थरथरत असे. यंत्र बदललेले नाही, कंपने बदललेली नाहीत. बदलला तो हात. आता वॉशर आणि द्रव हाताचे काम करीत आहेत. सिद्धता स्वच्छ आहे. जवानांसमोर फळ्यावर मांडली असती तर मला अभिमान वाटला असता.

कोइम्बतूरहून सुप्रभा आणि नित्या दोन दिवसांसाठी आल्या आहेत. मायलेकी स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होत्या. मी पाणी प्यायला गेलो तशी सुप्रभा रेशमी साड्यांविषयी बोलू लागली. कनकलतेच्या उजव्या तळहातावर पाण्याने भरलेला मोठा फोड आहे. नारळ खोवताना आला, म्हणाली. मी खोवणीच्या पाटाची बारकाईने तपासणी केली. तेथे हात घासला जाईल अशी जागा सापडली नाही. तरीही कडा कानशीने गोल करून ठेवली आणि फोडाला मलम लावले. ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली.

पेटीविषयीचा निर्णय मी सर्वांना सांगितला. वेण्णार नदीपलीकडे एका प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेणारा प्रवीणकुमार एके काळी माझ्याच हाताखाली शिकला. चांगला, शिस्तीचा माणूस. त्याला फोन केला. यंदाच्या आयुधपूजेला हत्यारांची शेवटची पूजा आपण करू; विजयादशमीला तो येऊन पेटी घेऊन जाईल. ज्या हाताचा भरवसा नाही त्याने हत्यार बाळगू नये.

"अप्पा, पेटी राहू दे की," सुप्रभा म्हणाली. "ती तुमच्याकडे खायला मागते की काय?"

मी तिला सिद्धता समजावून सांगितली. ती आईकडे पाहू लागली. नित्या तमिळमध्ये म्हणाली की ताता, म्हणजे आजोबा, कोइम्बतूरला आमचा मिक्सर फार आवाज करतो, तुम्ही या. मी म्हणालो, जवळचा कारागीर बघा.

कनकलतेने सार वाढले. आजच्या सारात मीठ नव्हते. असे आमच्या घरी कधी होत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र बसले. कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या. दरवर्षी चौकट मी जोडतो. यंदा गुरुराजांच्या भाच्याकडून जोडून घेतली. मी खुर्चीत बसून बाहुल्या पुसल्या.

दुपारी बराच वेळ झोपतो. भूक बेताची. भिंतीचा चुना आमच्या खोलीत जिन्याच्या बाजूला पोपडत चालला आहे, हे झोपल्या झोपल्या लक्षात आले.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

क्रमवार लिहितो. क्रम सोडला तर आज मला काहीच लिहिता येणार नाही.

सकाळी स्नान करून पेटी उघडली. प्रत्येक हत्यार रॉकेलने धुतले, पुसले, तेलाचा हात दिला आणि केळीच्या पानावर मापाप्रमाणे मांडले. सिकंदराबादहून आणलेले पाने, झडपा घासण्याचा दांडा, लाकडी मुठीचा मोठा स्क्रूड्रायव्हर. कनकलतेने गंध उगाळले होते. मी एकेका हत्याराच्या टोकाला ओले गंध आणि त्यावर कुंकू लावले. मग रिवाजाप्रमाणे घरातील यंत्रांना : ग्राइंडर, मिक्सर, पंखा, शिलाईचे यंत्र, प्रत्येकाच्या कपाळी, म्हणजे दर्शनी भागावर, एकेक टिळा. चुरमुरे, गूळ आणि सुंडल, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांचा नैवेद्य. आरती. त्यानंतर विजयादशमीच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आज त्यांची विश्रांती. हा नियम माझ्या वडिलांनी पाळला, मी युद्धातले एक वर्ष सोडल्यास नेहमी पाळला, आणि कनकलता तर अशा बाबतीत माझ्याहून कडक.

दुपारी जेवून मी झोपलो. उठलो तेव्हा कनकलता नऊवारी नेसून तयार होती. गल्लीतल्या वरलक्ष्मीकडे कोलूच्या हळदीकुंकवाला निघाली होती. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

ती गेल्यावर पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. मिक्सर भिंतीकडे तोंड करून होता. सकाळी टिळा लावला तेव्हा तोंड खोलीकडे होते. मी तो वळवू लागलो तेव्हा बोटांना तळाशी काहीतरी खरखरीत लागले. उलटा केला.

तळाच्या चार स्क्रूंपैकी एकाच्या खाचेत कुंकू भरलेले होते. खाली ओले गंध, वर कुंकू, सकाळी मी लावले त्याच क्रमाने. खाचेपासून प्लास्टिकवर चारी दिशांना ताजे ओरखडे गेले होते, स्क्रूड्रायव्हर घसरल्यावर जातात तसे. बहुतेक उथळ होते, काही खोल. ज्याने हे केले त्याने पुष्कळ वेळ आणि पुष्कळ जोराने प्रयत्न केला होता, आणि त्याला मूठ धरता येत नव्हती. यंत्राच्या तळाला टिळा लावायची पद्धत आमच्याकडे नाही, कोणाकडेही नाही.

पूजेकडे जाऊन पाहिले. पानावरच्या मोठ्या स्क्रूड्रायव्हरचे टोक कोरडे होते. गंध पुसून गेले होते.

मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसलो. मांडीवर मिक्सर.

स्क्रू जागचा हललेला नव्हता. वॉशर आणि द्रव यांनी आपले काम चोख बजावले होते. परंतु आता माझ्यापुढे प्रश्न वेगळा होता : आधीचे कोणी सैल केले? हा प्रश्न विचारताक्षणी बाकीचे सारे आपोआप जागी बसले, इंजिनाची वेळ जुळते तसे. कुकर, पंखा, उलटा सेल. गुरुराजांचे स्वयंपाकघराकडे पाहणे. फोड. बिनमिठाचे सार.

माझा हात शाबूत आहे. हे वाक्य मी मोठ्याने म्हटले. मग आणखी एकदा म्हटले.

आणि मे महिन्यात भिंतीकडे तोंड करून पडलेला मी मला आठवलो. तेव्हा रोज संध्याकाळी ती पलंगाच्या कडेला येऊन बसे आणि काही ना काही विचारी. रेडिओ कसा बोलतो, विमान कसें राहते वर. मी उत्तर देत नसे. मग जूनमध्ये कुकर बिघडला.

आज, ज्या दिवशी हत्याराला हात लावणे निषिद्ध आहे, त्या दिवशी तिने देवापुढचा स्क्रूड्रायव्हर उचलला, कारण उद्या पेटी जाणार होती. तिला याचे काय वाटले असेल, याची मला कल्पना आहे. तिने पन्नास वर्षांत शनिवारी कधी कांदा चिरलेला नाही.

मी देवाला नमस्कार केला. तिच्यासाठी व माझ्यासाठीही क्षमा मागितली आणि तोच स्क्रूड्रायव्हर उचलला. द्रव खरोखरच नामी आहे. स्क्रू सुटायला मला ओट्याच्या कडेला छाती टेकवावी लागली, आणि डॉक्टरांना हे सांगण्याचे कारण नाही. आटे रॉकेलने धुतले. स्प्रिंग वॉशर काढून टाकला. स्क्रू पुन्हा बसविला आणि बोटांनी फिरवला, बेताने, मुलाच्याही हाताला सुटेल इतकाच. खाचेतील कुंकू धुऊन गेले होते, ते पुन्हा भरले. ओरखड्यांना हात लावला नाही. मिक्सर भिंतीकडे तोंड करून होता तसा ठेवला.

कनकलता विड्याची पाने आणि खणाचे कापड घेऊन परतली. झोप लागली का, असे तिने विचारले. मी म्हणालो, लागली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

सकाळी मिक्सर नाचू लागला.

मी तिण्णैवर कापी पीत होतो. आतून खडखडाट आला, मग थांबला, मग पुन्हा आला. कनकलता दारात आली. तिच्या चेहऱ्यावर जरा आश्चर्य होते, जणू तिला स्वतःलाच हे इतक्या सहजी होईल असे वाटले नव्हते.

"अहो," ती म्हणाली, "प्रवीणकुमार यायच्या आत एकदा बघून देतां का?"

विजयादशमीला हत्यार हाती घेऊन कामाचा आरंभ करावा, हाही रिवाजच आहे. मी पूजेतला स्क्रूड्रायव्हर उचलला आणि मिक्सर मांडीवर घेतला. ती समोर हनुवटी टेकवून बसली. चटणी राहिली ती राहिलीच.

काम चालू असताना प्रवीणकुमार आला. त्याला बसवून सुंडल दिले. मग पेटी उघडून पंपाच्या इंजिनांचे जड पाने, झडपा घासण्याचा दांडा आणि पुली ओढण्याचे साधन त्याच्या मोटारसायकलवर बांधून दिले. ती मला खरोखरच उचलवत नाहीत. बाकीचे मी ठेवून घेतले. त्याने कारण विचारले, तेव्हा घरात जुनी यंत्रे पुष्कळ आहेत असे सांगितले. "असू द्या मास्तर," तो तमिळमध्ये म्हणाला, "तुमच्याशिवाय त्यांना कोण आहे?" सुप्रभाला फोन करून कोइम्बतूरचा मिक्सर नक्की कसला आवाज करतो हे विचारले. तिला ते सांगता येईना. ती हसू लागली आणि मग तिने फोन आईकडे द्यायला सांगितले.

दुपारी मी कनकलतेला झोपाळ्यावर शेजारी बसवून घेतले आणि तिचा उजवा हात उघडून पाहिला. जुना फोड फुटला होता, त्याच्याशेजारी नवा. मलम लावले. मग लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला.

"नीट बघ," मी म्हणालो. "लोक बोटांनी दाबतात, म्हणून टोक घसरते आणि कातडे सोलते. मूठ तळहाताच्या मध्यावर टेकवायची. दाब खांद्यातून यायला हवा. मनगट फक्त फिरवते. आधी पुरते दाबायचे, मग फिरवायचे. डावीकडे."

सिकंदराबादेत हा धडा मी अर्ध्या तासात संपवीत असे. आज घाई नव्हती. कुकरच्या मुठीवर तिच्याकडून करून घेतले, पुन्हा पुन्हा, टोक घसरायचे थांबेपर्यंत. ती गंभीरपणे करीत होती. अशी शिष्या मला मिळाली नव्हती.

"मला कशाला शिकवतां हें?" खाली मान घालून तिने विचारले.

"घरात दोघांना येत असलेले बरे."

तिने स्क्रू सुटेपर्यंत फिरवला. तो तिच्या तळहातावर पडला. तिने तो माझ्यापुढे धरला.

"आणि घट्ट करायचे कसे?"

"ते माझ्याकडे राहू दे," मी म्हणालो.